खळग्यांची तपासणी

2 एप्रिल 2022 च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत आकाशातून धातूचं भलंमोठं कडं पडलं. तो रॉकेटचा अवशेष होता. कक्षेत फिरणारा बारीक कचरा मात्र त्याहून घातक. सेकंदाला कित्येक किलोमीटरच्या वेगामुळे रंगाचा टवकाही यानावर खळगा पाडतो.

नासाचा ‘एलडेफ’ उपग्रह 1984 ते 1990 अवकाशात राहिला. परत आणल्यावर त्याच्यावर 30 हजारांहून अधिक आघातखुणा दिसल्या. अशा खळग्यांतले अवशेष इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मॅग्नेशियम, लोह, सिलिकॉन एकत्र सापडले, तर बहुधा वैश्विक धूळ. टायटॅनियम, जस्त सापडले, तर यानाचा रंग. जानेवारी 2024 मध्ये भारताच्या ‘डेक्स’ उपकरणानेही कक्षेत वैश्विक धुळीचे आघात टिपले. आघात कशाचा, हे कळलं तरच यानांची कवचं नेमकी बेतता येतात आणि आपला कचरा रोखण्याची निकड पटते.