अडगळींतील अनोळखी फटफटी

जळगांव व धुळें जिल्ह्यांतील पुष्कळ खेड्यांत गोठ्याच्या कोपऱ्यांत, कडब्याखालीं, एखादी लहान चाकांची जुनी फटफटी पडून असते. नांव झिजलेलें, कागद गहाळ, आणि ती कोणीं कधीं आणली हें सांगणारें वडीलधारें माणूस उरलेलें नाहीं. ती भंगाराच्या भावानें काढून टाकण्यापूर्वीं कोणती आहे एवढें तरी पाहावें, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

सायकलीसारखीं पायडलें असल्यास ती मोपेड होय. १९७२ सालीं कायनेटिक इंजिनीअरिंगची लुना निघाली. १९८० सालीं दोघांस वाहून नेणारी टीव्हीएस ५० आली. पायडलें नसून चाकें लहान व इंजिन मात्र मोठें असेल, तर एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत जीटीएस १७५ असण्याचा संभव आहे. १९७३ च्या चित्रपटामुळें ती 'बॉबी' याच नांवानें लोकांच्या तोंडीं बसली.

टाकीवरील अक्षरांवर भरंवसा ठेवूं नये. टाकी एका गाडीची व इंजिन दुसरीचें, असें व्हावयास वेळ लागत नाहीं. माप मात्र खोटें बोलत नाहीं. हेड उतरवून सिलिंडरचा व्यास सेंटिमीटरांत घ्यावा, त्याच्या वर्गास ०.७८५ नें व पुढें पिस्टनच्या चालीच्या लांबीनें गुणावें. व्यास ४ व चाल ४ असल्यास सुमारें ५० घनसेंटिमीटर येतात, म्हणजे मोपेड. १७० च्या पुढें आल्यास राजदूताचा विचार करावा.

आमची हयात महसुली दप्तरांत गेली, म्हणून पुढील गोष्ट विशेष आग्रहानें सांगतों. शेतास जसा गट नंबर, तसा गाडीस चासी नंबर. तो बहुधा हँडलाच्या मानेवर ठोकलेला असतो. रंगाखालीं दडला असल्यास रॉकेलचा बोळा व मऊ ब्रश यांनींच उघडा करावा. ग्राइंडर लावून नंबर एकदां पुसला गेला कीं गाडी चोरीची नव्हे हें सिद्ध करणें दुरापास्त होतें. नंबरावर कागद धरून पेन्सिलीनें छाप घ्यावा व पाटीवरील क्रमांकासह परिवहन कार्यालयांत दाखवावा. जळगांवची खूण एमएच १९, धुळ्याची एमएच १८. १९८९ पूर्वींच्या पाटीवर तीन अक्षरें व पुढें आंकडे असत.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेली, मूळ स्वरूप न बदललेली गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांन्वयें 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षें. परंतु तिचा नित्य वापर करतां येत नाहीं, तेव्हां ज्यास दुधाच्या किटल्या वाहावयाच्या आहेत त्यानें या भानगडींत पडूं नये.

दुरुस्तीस आरंभ करतांना किक मारूं नये. प्लग काढून सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, दोन दिवस मुरूं द्यावें, मग इंजिन हातानें हळू फिरवावें. टाकींतील गंज रॉकेल व बारीक खडी घालून हलवून काढावा. भोंक आढळल्यास घरच्या घरीं डाग देण्याचा मोह धरूं नये. रिकाम्या टाकींतील पेट्रोलची वाफ स्फोट करते. कार्बुरेटरचें जेट तारेनें टोकरल्यास छिद्र मोठें होतें, म्हणून तें वाऱ्यानेंच साफ करावें. वरील तिन्ही गाड्या टू-स्ट्रोक आहेत; निव्वळ पेट्रोलावर चालविल्यास पिस्टन अडकतो, तेल मिसळावेंच लागतें.

रंग सर्वांत शेवटीं द्यावा, व तोही नंबराची जागा सोडून. तेथें नुसता तेलाचा हात पुरे.