हिरव्याचा नंबर काय?

भरतकामाचे दोरे नीट लावून ठेवणं म्हणजे टाइमपास वाटतो? मलाही वाटायचा. मग आजीचा अर्धा मोर माझ्या हातात आला!

तुमच्या आजीच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे? पैज लावते, त्यात बिस्किटं नाहीत!

माझ्या आजीच्या डब्यात दोरे होते. गेल्या दिवाळीत पुण्याहून यवतमाळ आणि तिथून दारव्हा असा प्रवास करून पोचले, तर चहाच्या आधी तो डबाच माझ्या मांडीवर आला. झाकण उघडलं. वर मॅटीच्या कापडाची एक घडी. त्यावर क्रॉस-स्टिचमधले, म्हणजे आपल्या फुलीच्या टाक्यातले दोन मोर, समोरासमोर. डावा पूर्ण. उजव्याचा पिसारा अर्धा. आजीच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं वाढलं आणि चार वर्षांपूर्वी तिची सुई जी थांबली, ती थांबलीच.

"तूच पुरं कर बाप्पा," ती म्हणाली. "मले आता हिरवा कोन्ता अन् निळा कोन्ता, काई समजत नाई."

फुलीचा टाका मला तिनंच शिकवलेला. पुढे कॉलेज, नोकरी, हिंजवडीचं ट्रॅफिक यात तो हरवला होता, तो 2020च्या लॉकडाऊनमध्ये परत सापडला. त्यामुळे मी एकदम कॉन्फिडंट. अर्धा पिसारा तर राहिलाय, एका सुट्टीचं काम! मग डबा चटईवर पालथा केला आणि खाली पडला एकच मोठ्ठा गुंता. त्यात हिरवे किती? सात. आणि एकाही लडीवर कागदाची पट्टी नाही.

"आजी, या हिरव्याचा नंबर काय गं?"

"नंबर काऊन लागते वं? डोये होते ना मले!"

नंबरची काय भानगड आहे?

भरतकामाच्या दोऱ्याची लडी साधारण 8 मीटरची असते आणि दोरा सहा पदरी. त्यातले हवे तेवढे पदर सुटे करून वापरायचे. लडीवरच्या कागदी पट्टीवर कंपनीचं नाव आणि रंगाचा नंबर असतो. आपण घाईघाईत ती पट्टी फाडून फेकतो. खरं तर तोच त्या रंगाचा पत्ता!

कारण हिरवा म्हटलं की कुठला हिरवा? डीएमसी ही फ्रान्समधल्या म्युलूझची कंपनी, 1746 साली सुरू झालेली. तिच्या सहा पदरी दोऱ्यात आज 500 रंग मिळतात. त्यातले 699 ते 704 नुसते हिरवेच, गडदपासून फिक्यापर्यंत. आपल्याकडे आई-आजीच्या डब्यांत जास्त करून सापडतो तो अँकर. त्याचे नंबर वेगळे. डीएमसीचा काळा 310, अँकरचा काळा 403. दोन्ही कंपन्यांचे नंबर जुळवून देणारे तक्ते मिळतात, पण ते 'जवळपास सारखा' एवढंच सांगतात. काळ्यात ते खपून जातं. मोराच्या पिसाऱ्यात नाही.

गंमत म्हणजे हा सगळा खेळ कापसाचा, आणि आम्ही पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यातले. दारव्ह्याहून पूर्वी जाणारी शकुंतला रेल्वे, ती छोट्या रुळांची गाडी, इंग्रजांच्या काळात कापूस वाहायलाच तर टाकली होती. दिवाळीत आजही शेताशेतात वेचणी चाललेली असते. पण कापूस आणि लडी यांच्यात बरंच अंतर आहे. या दोऱ्याला लांब धाग्याचा कापूस लागतो. शिवाय सूत कॉस्टिक सोड्यातून काढतात. एकोणिसाव्या शतकात जॉन मर्सर या इंग्रजानं शोधलेली ही युक्ती, म्हणून तिचं नाव मर्सरायझेशन. तिच्यामुळे दोऱ्याला ती रेशमासारखी चमक येते आणि रंग चांगला धरतो.

दुकानातली फजिती

दुसऱ्या दिवशी मॅटी घेऊन यवतमाळ गाठलं. बाजारातल्या एका दुकानात ट्यूबलाइटखाली लडी मोराशेजारी धरून धरून पाहिल्या. एक एकदम सेम टू सेम! तीन घेतल्या. घरी येऊन अंगणातल्या उन्हात धरल्या, तर काय? मोर पोपटी आणि माझा दोरा शेवाळी.

चूक माझीच. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फारकत घेतात, कारण प्रत्येकात रंगद्रव्यं वेगळी असतात. म्हणून दोरा नेहमी दिवसाच्या उजेडात, दुकानाच्या दाराशी येऊन जुळवायचा. त्यात आजीचा डबा वर्षानुवर्षं खिडकीत राहिलेला, झाकण धड न लागणारा. मूळचा हिरवा उन्हानं किती उतरला असेल कोण जाणे! आणि अगदी तोच नंबर सापडला असता तरी रंगवण्याचा घाणा बदलला की छटेत उन्नीस-बीस होऊ शकतं. म्हणूनच मोठी जागा भरायची असेल तर सगळ्या लडी एकदमच घ्याव्यात.

किती घ्यायच्या? हिशेब सोपा आहे. 8 मीटर गुणिले 6 पदर म्हणजे 48 मीटर. दोन पदरांनी भरलं तर 24 मीटर. इंचाला 14 घरं असलेल्या कापडावर कागदावरच्या हिशेबानं अडीच हजारांहून थोड्या जास्त फुल्या होतात. पण टोकं लपवण्यात आणि उसवण्यात बराच दोरा जातो. मी लडीमागे पावणेदोन हजार फुल्या धरते.

चला, डबा लावू या

उरलेली सुट्टी मी त्या गुंत्यावर घालवली. कात्री लांब ठेवली. मोकळं टोक शोधायचं, गाठ नखानं सैल करायची, हळूहळू बाहेर काढायचं. दोन संध्याकाळी गेल्या. आजी शेजारी बसून बोटांनीच गाठी सोडवत होती, आणि खरं सांगू? तिचा स्पीड माझ्यापेक्षा जास्त!

मग कार्डं. बाजारात प्लॅस्टिकची तयार मिळतात, पण आमच्या घरी लग्नपत्रिकांचा ढीग होता. जाड पुठ्ठ्याच्या पत्रिकेचे साधारण दोन बोटं रुंद तुकडे कापले, दोन्ही बाजूंना खाच आणि वर नंबर लिहायला जागा. फक्त सोनेरी छपाई आणि गडद रंग टाळा, दोऱ्याला लागतात. दोरा सैल गुंडाळायचा, ताणून नाही. तरीही वळ्या पडल्याच, तर भरण्याआधी ओल्या स्पंजवरून एकदा ओढायचा आणि वाळू द्यायचा.

कार्डांसाठी घर? कप्प्यांचा प्लॅस्टिकचा डबा बेस्ट. पण ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये व्हिजिटिंग कार्डांचा जुना अल्बम पडून असेल तर तोही भन्नाट चालतो. एका खिशात एक कार्ड, पान उलटलं की सगळे रंग समोर.

आता वादाचा मुद्दा: रंगानुसार लावायचं की नंबरानुसार? रंगानुसार लावलेला डबा फोटोत सही दिसतो. पण नक्शात '702' लिहिलेलं असतं आणि रात्री अकरा वाजता तुम्ही आठ हिरवे चाळत बसता. मी नंबरानुसार लावते, कंपन्या वेगवेगळ्या ठेवते आणि नंबर नसलेल्यांना शेवटचा वेगळा कप्पा देते. सोबत एक्सेलची छोटी शीट: कंपनी, नंबर, लडी किती, कधी घेतल्या. दिवसभर दुसऱ्यांच्या शीट भरतो, एक आपली भरायला काय हरकत आहे? ती मोबाइलवर असली की दुकानात तोच काळा तिसऱ्यांदा विकत घेणं टळतं.

आणि सुटे पदर! सहातले दोन वापरले की चार उरतात आणि सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. एका लांब पट्टीला भोकं पाडा, प्रत्येक भोकात एका रंगाचे उरलेले पदर अडकवा आणि शेजारी नंबर लिहा. चालू कामाची पट्टी कापडासोबतच ठेवा.

दोऱ्याचे दुश्मन

एक नंबरचं ऊन. दोन, ओल. पावसाळ्यात डबा घट्ट बंद करण्याआधी दोरे कोरडे आहेत ना बघा आणि नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी आत टाका. तीन, सुई. दोऱ्यात खोचून ठेवलेली सुई गंजते आणि तो डाग जाता जात नाही. आजीच्या पांढऱ्या लडीत अशी एक निघालीच. चार, रबरबँड. विदर्भातला मे महिना काय असतो ते आम्हाला विचारा! रबर वितळून दोऱ्याला असं चिकटतं की लडी फेकूनच द्यावी लागते. पाच, कसर. वाळलेला कडुलिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. डांबराच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात नकोत, काही प्लॅस्टिक त्यानं मऊ पडतं.

आणि मोर?

डबा झकास लागला. 58 कार्डं झाली. नंबर मात्र फक्त मी घेतलेल्या लडींना. बाकी सगळे रंग आजीच्या डोळ्यांत होते आणि तिथून ते काढून घ्यायला मी उशिरा पोचले होते. चार वर्षांपूर्वी एक दुपार तिच्याजवळ बसून विचारलं असतं, तर एवढंच काम होतं.

आजीचा जुना हिरवा जेमतेम दोन हात उरला होता. नव्यानं पुढे भरलं तर पिसाऱ्यात मधोमध रेघ दिसणार. शेवटी मी म्हटलं, "आजी, तुझा अर्धा पिसारा उसवते. सगळा नव्यानं भरते."

तिनं कापड ओढून घेतलं. पिसाऱ्यावरून बोट फिरवत फिरवत जिथं टाके संपत होते तिथं आली आणि थांबली.

"उसवू नको. इथून एक ओळ निळ्याची टाक. मंग पुढं तुहा हिरवा. मोराच्या पिसात काय एकच हिरवा असते?"

मी निळ्याची ओळ टाकली. पुण्याला परत यायच्या आदल्या रात्री पुढच्या हिरव्याच्या चार ओळी झाल्या. उन्हात धरलं तर दोन हिरवे वेगळे दिसतात, पण चुकल्यासारखे नाही. बाकीचं आता वीकएण्डला पुण्यात चाललंय.

आजीच्या उरलेल्या दोन हात दोऱ्याचंही कार्ड केलं. ते वापरणार नाही. त्यावर लिहिलंय: 'आजीचा हिरवा. नंबर नाही.' त्याच्या शेजारी माझ्या हिरव्याचं कार्ड. त्यावर कंपनी, नंबर, घेतल्याची तारीख आणि 'उजवा मोर, निळ्या ओळीनंतर.'

झटपट टिप्स

• लडी उघडण्याआधी पट्टीचा मोबाइलवर फोटो काढा.
• दोरा दिवसाच्या उजेडातच जुळवा.
• गडद लाल, काळा, निळा वापरण्याआधी तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबा. रंग जातो का कळेल.
• काम अर्ध्यावर ठेवताना कापड, नक्शा आणि नंबरांची पट्टी एकाच पिशवीत ठेवा. सुई बाहेर.
• घरी आई, मावशी, आजी भरतकाम करत असेल तर या सुट्टीत तिच्याजवळ बसा आणि नंबर विचारून घ्या.