पदवी अमेरिकेची, अभ्यास महाराष्ट्राचा



ऊसनोंदीच्या कामानिमित्त आम्ही नुकतेच मौजे किन्हीराजा (ता. मालेगाव, जि. वाशीम) येथे गेलो होतो. नोंदवही उघडली, तोच एका कास्तकार सभासदाने वेगळाच विषय काढला. त्यांची मुलगी एम. ए. झाली आहे. तिला परदेशी विद्यापीठात पीएच.डी. करायची आहे आणि विषय घ्यायचा आहे आपल्याकडच्या विहिरींच्या पाण्याचा.

"साहेब, आपल्या विहिरी मोजाले परदेश कायले पाह्यजे?" त्यांचा सवाल.

आम्ही पडलो कृषी पदविकावाले. एका प्लॉटमधले खोडकिडीचे पोंगे मोजले, एवढेच आमचे संशोधन! पण त्या दिवशी डॉ. गेल ऑम्वेट यांची हकिगत आम्ही त्यांना सांगितली. तीच येथे देत आहोत.

गेलबाईंचा जन्म १९४१ चा, अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातला. १९६३ साली त्या प्रथम भारतात आल्या. पुढे कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात समाजशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय घेतला तो आपला : १८७३ ते १९३० या काळातील महाराष्ट्राची ब्राह्मणेतर चळवळ. १८७३ म्हणजे महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला ते साल. आता हा अभ्यास बर्कलेच्या ग्रंथालयात बसून थोडाच होणार? कागद होते खेड्यापाड्यांत. मुकुंदराव पाटलांचे 'दीनमित्र' पत्र तर नेवासे तालुक्यातल्या तरवडी गावातून निघत असे. १९७०-७१ मध्ये बाई महाराष्ट्रात येऊन राहिल्या. मराठी शिकल्या. १९७३ साली पदवी मिळाली, सत्यशोधक समाजाला बरोबर शंभर वर्षे झाली त्याच साली. प्रबंध १९७६ मध्ये मुंबईहून पुस्तकरूपाने निघाला.

आपल्या पंजाबराव देशमुखांचा रस्ता नेमका उलटा. पापळचा हा शेतकऱ्याचा मुलगा १९२० साली विलायतेला गेला आणि तिथे वेदवाङ्मयातील धर्मावर डॉक्टर झाला. ते शिकून परत आले; गेलबाई अभ्यासाला आल्या आणि इथल्याच झाल्या. डॉ. भारत पाटणकरांशी लग्न झाले, सांगली जिल्ह्यातले कासेगाव हे घर झाले. १९८३ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावीच त्यांचे निधन झाले.

इथवर सभासद खूश होते. पण पुढचे सांगताना आमचीच जीभ जरा अडखळली. दुष्काळी खानापूर तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधले, त्या लढ्यात हे दांपत्य होते. नदीतली वाळू विकून पैसा उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणसांवर, भूमिहीनालाही हक्क. आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असे ठरले.

ऊसविकास अधिकाऱ्याने हे सांगावे का? पगार आम्ही ऊस वाढवण्याचा घेतो. परंतु वाळलेला खोडवा काही गाळपाला येत नाही, अन् कर्ज मात्र सभासदाच्या नावावर राहते. तेव्हा सांगितले.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली आणि कोनाड्यातली शंभर पानी वही तिने आमच्यासमोर ठेवली. घरची आणि शेजारच्या चार विहिरींची पातळी तिने दर पंधरवड्याला दोरीने मोजून लिहिली होती. घरच्या विहिरीचे पाणी माघातच तळाला गेलेले. वडिलांना दोन एकर लागवड नोंदवायची होती.

ते वहीकडे बराच वेळ पाहत राहिले. "अन् हे तू कवापासून लिहून राह्यली?"

"दोन वर्षं झाले, बाबा."

"मले नाही सांगितलं ते?"

"तुम्ही विचारलं कवा?"

आम्ही अर्धा एकर नोंदवला, तोही ठिबकच्या अटीवर. तिच्या अर्जासोबत जोडायला त्या वहीच्या प्रती हव्यात, म्हणून सभासद आमच्याच जीपमधून मालेगावपर्यंत आले.