फांदी उतरवण्याचे पैसे

पहिल्या वर्षाला अप्लाइड मेकॅनिक्सच्या पेपरात बेल्ट फ्रिक्शनचा प्रश्न मी ऑप्शनला टाकला होता. त्याच वर्षी मे महिन्यात त्या प्रश्नाने माझ्या दोन्ही तळहातांची सालटी काढली. कशी, ते पुढे येईलच. आधी धंद्याची ओळख करून देतो.

माझा मामा पुण्यात झाडांच्या फांद्या छाटण्याची आणि धोकादायक झाडं उतरवण्याची कामं घेतो. परदेशात अशा माणसाला 'ट्री सर्जन' म्हणतात. आपल्याकडे सोसायटीचा वॉचमन वर ओरडून सांगतो, "साहेब, झाडवाला आलाय!" मामा मूळचा आंबेगाव तालुक्यातला. लहानपणी हिरडा झोडायला झाडावर चढायचा, तेच पुढे पोटापाण्याचं साधन झालं. ना मालक, ना पगार, ना पीएफ. भांडवल म्हणजे एक चेनसॉ, दोन करवती, कोयता, कंबरपट्टा आणि दोर. सुट्टीत मी त्याच्या हाताखाली जातो. खालून दोर धरणं हे माझं काम.

बघणाऱ्याला वाटतं, की यातलं अवघड काम म्हणजे झाडावर चढणं आणि कापणं. मलाही तसंच वाटायचं. पण चढायला दहा मिनिटं लागतात, कापायला दोन. खरं काम त्यानंतर सुरू होतं, कारण कापलेली फांदी कुठेतरी जाणार असते. खाली कुणाची तरी गाडी, पत्रा, भिंत, वायर असतेच.

ओल्या लाकडाचा अंदाज आपल्याला नसतो. ताज्या लाकडाची घनता पाण्याच्या जवळपास जाते. एका घनमीटरला ९०० किलो धरा. २५ सेंटिमीटर जाडीचा, पावणेतीन मीटर लांबीचा तुकडा म्हणजे सुमारे १२० किलो. दोन धडधाकट रूममेट एकत्र बांधून वरून सोडल्यासारखंच!

म्हणून फांदीला आधी दोर बांधायचा, तो वरच्या एखाद्या भक्कम बेचक्यातून खाली आणायचा आणि बुंध्याला वेढे घालून त्याचं टोक खालच्या माणसाने धरायचं. मामा कापतो, मी हळूहळू दोर सोडतो, फांदी अलगद जमिनीवर येते. इथे तो ऑप्शनला टाकलेला प्रश्न येतो. टी-वन भागिले टी-टू बरोबर ई रेज टू म्यू थीटा. दोर आणि साल यांच्यातला म्यू ०.३ धरला, तर एका वेढ्याला ताण साडेसहा पट कमी होतो, दोन वेढ्यांना ४३ पट आणि तीन वेढ्यांना २८५ पट. वेढा एकेकानेच वाढतो, पण फायदा गुणाकाराने वाढतो. मामा दहावी नापास आहे. त्याला 'ई' माहीत नाही, पण "तीन वेढे घे" हे त्याने मला त्या दिवशी दोनदा सांगितलं होतं.

मी एकच घेतला. तीन वेढ्यांत दोर ओढायला जड जात होता आणि मला घाई होती. शिवाय दोरात मीटर-दोन मीटर ढील राहिली होती. हातमोजे दिले होते, पण उकडतंय म्हणून ते मी खिशात ठेवले होते. (हसू नका, आपल्या वर्कशॉपमध्ये गॉगल किती जण घालतात ते मला माहीत आहे.)

आता गणित करा. १२० किलोची फांदी नुसती टांगलेली असती, तर एका वेढ्याने माझ्या हाताला १८ किलो आले असते. सहज पेललं असतं. पण ढील होती म्हणून ती आधी दोन मीटर मोकळी पडली. तिला पुढच्या अर्ध्या मीटरात थांबवायचं, तर सरासरी ताण वजनाच्या पाचपट, म्हणजे ६०० किलो होतो. (वरच्या बेचक्यातलं घर्षण तूर्त सोडून देऊ.) एका वेढ्यामागे माझ्या वाट्याला आले ९१ किलो आणि माझं वजन ५८! दोर हातातून सुटला नाही, तो हातातून पळाला. तीन वेढे असते तर दोन-सव्वादोन किलोत काम भागलं असतं.

फांदी शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवर, सोलर हीटरवर पडली. काचेच्या चार नळ्या आणि एक पाइप गेला. त्याहून वाईट म्हणजे पळणारा दोर मामाच्या पायापासून वीतभर अंतरावरून गेला. पायाला अडकला असता, तर हा लेख मी लिहिला नसता.

काम संपवून चहाला बसलो, तेव्हा मामा एवढंच म्हणाला, "वेढे तुझ्या हातात होते. मी वर होतो."

त्या दिवसाचा हिशेब असा. काम उक्तं ठरलं होतं, ९,००० रुपये. आम्ही दोन हाताखालचे, ९०० प्रमाणे १,८००. पाला न्यायला टेंपोच्या दोन खेपा, २,४००. पेट्रोल, ऑइल, चेन मिळून ५००. उरले ४,३००. त्यातून हीटरचे ३,५०० भरून दिले. मामाला राहिले ८००. म्हणजे नुकसान ज्याने केलं, त्याची त्या दिवसाची मजुरी मालकापेक्षा शंभर रुपयांनी जास्त! मी पैसे परत करू लागलो, तर मामाने घेतले नाहीत. "मजुराकडून नुकसानी घ्यायला लागलो, तर उद्या खाली कोण उभं राहील?" म्हणाला.

आणि ते ४,३०० सुद्धा एका दिवसाचे नव्हतेच. आधी एकदा झाड बघायला जावं लागतं, ती फेरी फुकट. मग परवानगी. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा आहे. त्यात झाड 'तोडणं' या शब्दात जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. झाड पाडायचं असेल, तर अर्ज, पाहणी, झाडावर नोटीस, असा क्रम असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज ट्री' ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली आहे. अर्ज झाडाच्या मालकाने करायचा असतो, पण मामा कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चढत नाही. त्याचं म्हणणं, "झाडावर जो असतो, तोच आधी सापडतो."

गिऱ्हाइकांचं ठरलेलं वाक्य म्हणजे, "लाकूड तुम्हीच घेऊन जा, त्यात पैसे वळते करा." साग असता तर ठीक होतं. गुलमोहराचं लाकूड हलकं, वखारवाला जळणाच्या भावानेही नाक मुरडून घेतो. आणि टेंपो लाकडाने भरत नाही, पाल्याने भरतो. निम्मी खेप हवेचीच असते.

आता थोडं मशीनबद्दल, कारण आपण इंजिनिअर. चेनसॉ टू-स्ट्रोकच का? कारण तो आडवा, उलटा, कसाही धरावा लागतो. फोर-स्ट्रोकसारखा तळाशी ऑइलचा साठा ठेवला, तर उलटं केल्यावर ऑइल भलतीकडे जाईल. म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. ५० ला १ हे प्रमाण असेल, तर लिटरला २० मिली. कार्ब्युरेटरही डायफ्रामचा, म्हणजे फ्लोटची भानगड नाही. सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे पात्याच्या टोकाचा वरचा भाग. तो लाकडाला टेकला, की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. त्यासाठीच पुढे चेन-ब्रेक असतो आणि त्यासाठीच मशीन कधीही एका हाताने चालवायचं नसतं.

कापण्याचीही रीत आहे. जड फांदी एका घावात कापली, तर ती पडताना खोडाची साल फाडत नेते. म्हणून तीन काप घेतात. पहिला खोडापासून फूटभर लांब, खालच्या बाजूने, थोडा. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून, पूर्ण. ओझं गेलं की तिसरा काप उरलेल्या खुंटाला. फांदी खोडाला मिळते तिथे मानेसारखा फुगवटा असतो. काप त्याच्या बाहेर घ्यायचा, खोडाला सपाट नाही. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड सडका भाग आतून भिंती घालून कोंडतं आणि वरून नवीन लाकूड वाढवतं. तो फुगवटा कापला, की ती भिंतच कापली जाते. कापावर डांबर किंवा रंग फासूनही सड थांबत नाही.

इथेच मामाच्या धंद्याची खरी अडचण आहे. बहुतेक सोसायट्यांना हवं असतं ते "वरून सगळं साफ करा." शेंडा छाटलेलं झाड नीटनेटकं दिसतं. पण पुढच्या पावसाळ्यात त्या खुंटांवर सालीखालच्या डोळ्यांतून भाराभर नवे फुटवे येतात. ते वरवरच्या थरालाच चिकटलेले असतात, आत खुंट कुजत असतो. काही वर्षांनी तेच जाड होऊन वादळात सुटतात. म्हणजे झाड 'सेफ' करायला पैसे देऊन लोक ते धोकादायक करून घेतात. निवडक फांद्या काढायला मात्र वेळ जास्त लागतो आणि खालून काहीच केल्यासारखं दिसत नाही. "एवढंच?" असं विचारतात. मामा समजावतो. पटलं नाही तर पुढचा माणूस निम्म्या पैशांत शेंडा उडवतो. खोटं कशाला बोलू, कधीकधी मामाही उडवतो. मुलींच्या शाळेची फी जूनमध्ये असते.

विम्याचं विचाराल, तर वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना त्याने मी सांगितल्यावर घेतली. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. पण पाय मोडून तीन महिने घरी बसावं लागलं, तर त्यात काही नाही. आणि या धंद्यात पाय मोडणंच जास्त.

मित्रांनो, पावसाळ्याआधी आपल्या होस्टेलच्या पार्किंगमागच्या गुलमोहराकडेही कुणीतरी येईल. तेव्हा फोटो काढायला खाली उभे राहू नका आणि दोर धरणाऱ्याशी गप्पा मारू नका. तो वेढे मोजत असतो.

मागच्या सुट्टीपासून मामाचं कोटेशन मी कॉम्प्युटरवर टाइप करून देतो. त्यात 'दोर लावून फांदी उतरवणे' अशी वेगळी ओळ मी घातली, पुढे वेगळी रक्कम. गिऱ्हाईक कागद वाचतं आणि बहुतेक वेळा त्याच ओळीवर बोट ठेवतं, "हे कमी करा."

मामा ती ओळ खोडतो. दोर मात्र लावतोच.