पायली कोणती, ते आधी सांगा

भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळची चैत्रातली घोडायात्रा असो की वैशाखातलं लग्न, फोटो काढणाऱ्याचा अनुभव सारखाच. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर नवरी बघून सगळे खूश होतात. रात्री कार्ड कॉम्प्युटरला लावलं की हळद फिकी, शालू विटका आणि मांडवाची आंब्याची पानं धुळकट. मग कोणी लेन्सला दोष देतं, कोणी कार्डाला, कोणी कॅमेरा विकणाऱ्याला. यातले बहुतेक तर्क चुकीचे असतात.

गैरसमज १ : फोटो फिका दिसतो, म्हणजे कॅमेरा बिघडला.

वस्तुस्थिती : फोटोच्या जेपेग फाइलमध्ये रंग नसतोच, असतात ते आकडे. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन, ० ते २५५ मधले. पण नुसत्या आकड्यावरून रंग कळत नाही. भंडारा धानाचा जिल्हा, म्हणून उदाहरणही धानाचंच घेऊ. जुन्या काळी ‘दहा पायल्या धान’ म्हटलं की ऐकणारा विचारायचा, पायली कोणत्या गावची? कारण पायलीचं माप गावोगाव वेगळं. रंगांचंही तसंच आहे. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेली ‘एसआरजीबी’ ही लहान पायली; बहुतेक स्क्रीन, वेबसाइट आणि फोटो लॅब तीच धरून चालतात. ‘अ‍ॅडोब आरजीबी’ ही १९९८ मध्ये आलेली मोठी पायली.

माप मोठं असलं की आकडा लहान येतो. एसआरजीबीतला पूर्ण लाल म्हणजे २५५. तोच लाल अ‍ॅडोब आरजीबीत २१९ भरतो. आता फाइल मोठ्या पायलीने मोजलेली आणि वाचणारं सॉफ्टवेअर लहान पायली धरून बसलेलं, तर धान कमीच दिसणार. कुंकवाचा लाल मंदावतो तो इथे. कॅमेऱ्याने मोजण्यात चूक केलेली नसते. चूक वाचण्यात होते.

गैरसमज २ : अ‍ॅडोब आरजीबीत रंग जास्त, म्हणून कॅमेऱ्यात तेच निवडावं.

वस्तुस्थिती : त्याचा पल्ला मोठा आहे, हे खरं. तो वाढतो मुख्यतः हिरव्या आणि निळसर हिरव्या रंगांकडे. पण पुढची सगळी साखळी ते माप ओळखणारी असेल, तरच फायदा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं किंवा साध्या लॅबमध्ये प्रिंट काढायची असेल, तर कॅमेरा एसआरजीबीवरच ठेवावा.

आपली फाइल कोणती, हे ओळखणं सोपं आहे. अनेक कॅमेरे अ‍ॅडोब आरजीबी फाइलच्या नावाची सुरुवात अंडरस्कोअरने, म्हणजे खालच्या आडव्या रेघेने करतात. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कलर रिप्रेझेंटेशन’ या ओळीत ‘एसआरजीबी’ऐवजी ‘अनकॅलिब्रेटेड’ दिसलं, तरी संशय घ्यावा. उपाय म्हणजे फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधलं ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’. त्यात धान तेवढंच राहतं, फक्त नव्या पायलीने पुन्हा मोजलं जातं. ‘असाइन प्रोफाइल’ हे वेगळं : त्यात आकडा तोच ठेवून पायलीचं नाव बदलतं, म्हणजे रंगच बदलतो.

गैरसमज ३ : रॉ फाइल सगळ्यात उत्तम, म्हणून ती सगळ्यात सुंदर दिसायला हवी.

वस्तुस्थिती : रॉ म्हणजे राइस मिलमध्ये न गेलेलं धान. चौदा बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, जेपेगमध्ये २५६. माल भरपूर, पण पॉलिश नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपण बघतो ते रॉ नसतंच. कॉन्ट्रास्ट, रंग आणि धार वाढवून तयार केलेलं छोटं जेपेग फाइलमध्ये दडलेलं असतं, ते दिसतं. कॉम्प्युटरवर रॉ उघडताना आधी क्षणभर फोटो झकास दिसतो आणि मग डोळ्यांदेखत फिका पडतो, तो यामुळेच. आधी ते जेपेग दिसतं, नंतर सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीने रॉ उलगडतं. तांदूळ आयता हवा असेल तर जेपेगवर शूट करावं; कांडायची तयारी असेल तरच रॉ घ्यावं.

गैरसमज ४ : कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला तोच खरा फोटो.

वस्तुस्थिती : २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. मागचा पडदा ७२० गुणिले ४८० चा असेल, तर तिथे साधारण सत्तर ठिपक्यांचा एक होतो. बारीक हललेपणा, दाणेदारपणा, किंचित चुकलेला फोकस असे सगळे दोष त्यात झाकले जातात. शिवाय रात्रीच्या मांडवात तो उजळ पडदा डोळ्यांना आणखी उजळ वाटतो. उजेडाचा अंदाज घ्यायचा तर हिस्टोग्राम बघावा. मात्र रॉ घेतलं तरी तो आलेख बहुधा त्या दडलेल्या जेपेगवरूनच काढलेला असतो, हे ध्यानात असू द्यावं.

गैरसमज ५ : मोबाइलवर छान दिसतो, म्हणजे कॉम्प्युटर खोटा.

वस्तुस्थिती : अनेक मोबाइलचे ओएलइडी पडदे काळा गडद दाखवतात आणि ‘व्हिव्हिड’सारख्या सेटिंगमध्ये रंग मुद्दाम चढवतात. उलट जुन्या स्वस्त मॉनिटरच्या टीएन पॅनेलसमोर मान थोडी वर-खाली केली तरी रंग बदलतो. टीव्ही एचडीएमआय केबलने मॉनिटरसारखा जोडला असेल, तर आणखी एक फसगत होते. कॉम्प्युटर कधी ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढेच आकडे पाठवतो. समोरचा पडदा पूर्ण पल्ला धरून बसला, की काळ्याचा राखाडी होतो. ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘फुल रेंज’ केलं की पडदा उघडतो. संध्याकाळी आपोआप चालू होणारा ‘नाइट लाइट’ही फोटो बघताना बंद हवा.

गैरसमज ६ : सॅच्युरेशन वाढवलं की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : पडदा चुकीचा असताना रंग वाढवणं म्हणजे तराजूच्या दोषासाठी पोतं फुगवणं. आपल्या पडद्यावर बरा दिसणारा चेहरा दुसऱ्याकडे गाजरासारखा दिसतो. पडदा फार उजळ ठेवला तर डोळ्यांना पटेपर्यंत आपण फोटो गडद करत जातो, आणि लॅबमधून अल्बम काळपट येतो. नियमित काम करणाऱ्याने कॅलिब्रेशनचं यंत्र वापरून पडदा ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्यावर आणि दर चौरस मीटरला १०० ते १२० कँडेलाच्या आसपास आणावा. यंत्र नसेल तर लॅबमधून एक छोटी प्रिंट मागवून ती पडद्याशेजारी धरावी, पण भर उन्हाच्या खिडकीत नव्हे.

आणि एक कारण कुठल्याही सेटिंगमध्ये सापडत नाही. वैशाखातल्या दुपारी एकच्या उन्हात काढलेला फोटो मुळातच सपाट असतो. डोक्यावरचा उजेड आणि धूळ मिळून रंग खातात. म्हणून फोटो फिका दिसला, तर आधी तीच फाइल दुसऱ्या पडद्यावर, रंगांचं माप ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. तिथे खुलली तर पायलीचा घोळ. तिथेही फिकी राहिली, तर पुढच्या लग्नात नवरीला चार वाजता अंगणात उभी करा.