धाकुल्या नावांचे व्याकरण

शरीररचनाशास्त्रातील जी नावे आपण डॉक्टर मंडळी विद्यार्थिदशेत मुखोद्गत करतो, त्यांतील कितीतरी नावे मुळात लाडाची आहेत. लॅटिनमध्ये ‘मुस’ म्हणजे उंदीर. त्याचे लघुरूप ‘मुस्कुलस’ म्हणजे छोटा उंदीर, आणि तेच स्नायूचे नाव! ‘क्लाविस’ म्हणजे किल्ली, तर ‘क्लाविकुला’ ही छोटी किल्ली आपल्या खांद्यापाशी असते.

लघुरूप मूळ नामाचे लिंग सोडत नाही. ‘ऑरिस’ (कान) स्त्रीलिंगी, म्हणून ‘ऑरिकुला’. ‘वेंटर’ (पोट) पुल्लिंगी, म्हणून ‘वेंट्रिकुलस’. ‘कॉर्पस’ (शरीर) नपुंसकलिंगी, म्हणून ‘कॉर्पस्कुलम’. मराठीत मात्र लोट्याची लोटी होते, लिंगच बदलते.

विशेषणांत तर आपले नाते अधिकच जवळचे वाटते. ‘पार्वस’ म्हणजे लहान. त्यापासून ‘पार्वुलस, पार्वुला, पार्वुलम’. आपल्या ‘धाकुला, धाकुली, धाकुले’ यांच्यासारखीच ही तीन लिंगांची रूपे. त्यांचे अनेकवचन ‘पार्वुली, पार्वुलाए, पार्वुला’. मूळ शब्द कोणत्याही गणातला असो, अशी लघुरूपे याच सोप्या साच्यात चालतात. तिसऱ्या गणातील ‘पाउपेर’ (गरीब) याचेही ‘पाउपेरकुलस’ होते. एकच सावधगिरी हवी : अंती ‘आ’ दिसला म्हणजे शब्द स्त्रीलिंगी एकवचनीच असतो असे नाही. कानातील तीन हाडांचे ‘ऑसिकुला’ हे नाव नपुंसकलिंगी अनेकवचन आहे.

नौबादकरांना एक उदाहरण सहज पटेल. आपल्या बहमनीकालीन कारेझमधून भूमीच्या पोटातले पाणी दूरवर नेले जाई. ‘कॅनालिस’ म्हणजे नाला, ‘कॅनालिकुलस’ म्हणजे छोटा नाला. हाडांतील असंख्य ‘कॅनालिकुली’ आत दडलेल्या पेशींपर्यंत असेच पोषण पोहोचवतात.

हे केवळ पांडित्य नव्हे. ‘मालेउस’ म्हणजे हातोडा. स्वरापुढे ‘-उलस’चे ‘-ओलस’ होऊन घोट्याच्या हाडाला ‘मॅलिओलस’ हे नाव मिळाले. रुग्णाच्या चिठ्ठीवर एका ‘मॅलिओलस’चा अस्थिभंग लिहिला आहे की दोन्ही ‘मॅलिओली’चा, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. बाहेरचा एकच घोटा मोडला, तर अनेकदा प्लास्टरने भागते. दोन्ही मोडले, तर सांधा बहुधा अस्थिर होतो आणि शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. म्हणून माझी तरुण सहकाऱ्यांना विनंती आहे, की चिठ्ठी लिहिताना शब्दाच्या शेपटाकडे क्षणभर पाहावे. त्या एका अक्षरावर कोणाचे तरी चालणे अवलंबून असते.