हरितगृहाची शिस्त

कृषी विद्यापीठातल्या सामायिक हरितगृहाच्या दारावर नियमांचा फलक असतो. त्यातली 'तंबाखू खाण्यास सक्त मनाई' ही ओळ वाचून नवा विद्यार्थी मनात म्हणतो, सरकारी इमारत म्हटल्यावर ही पाटी आलीच. पण इथे ती माणसाच्या तब्येतीसाठी लावलेली नसते, टोमॅटोच्या तब्येतीसाठी लावलेली असते.

टोबॅको मोझॅक व्हायरस हा विषाणू म्हणून ओळखला गेलेला जगातला पहिला. इव्हानोव्स्की यांनी 1892 मध्ये आणि बायरिंक यांनी 1898 मध्ये त्याचा माग काढला. तंबाखूचं पान वाळलं, कातरलं, पुडीत बंद झालं, तरी तो त्यात वर्षानुवर्षं टिकू शकतो. पसरायला त्याला ना मावा लागतो ना पांढरी माशी. माणसाचा हात पुरतो. तळहातावर चुना लावून तंबाखू मळायची, दाढेखाली धरायची, हात पँटला पुसायचे आणि टोमॅटोची बगलफूट खुडायला बसायचं. खुडल्या जागी झालेल्या बारीक जखमेतून विषाणू आत शिरतो आणि तोच हात पुढच्या रोपाकडे जातो. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे दिसेपर्यंत अख्खी ओळ बाधित झालेली असते. यावर औषध नाही. रोपं उपटायची, पिशवीत बांधायची, नष्ट करायची. म्हणून आत शिरण्याआधी साबणाने हात धुवायचे. काही ठिकाणी तर रोपं हाताळताना मधूनमधून साय काढलेल्या दुधाच्या भुकटीच्या द्रावणात हात बुडवतात. दुधातली प्रथिनं संसर्गाला अटकाव करतात.

हा सोवळेपणा नवा नाही. अमेरिकेत पॅसाडीना इथे 1949 मध्ये फ्रिट्स वेंट यांनी तापमान, प्रकाश, ओलावा असं सगळं हातात ठेवणारी वनस्पती प्रयोगशाळा उभी केली. 'फायटोट्रॉन' हे नाव तिच्यामुळेच रूढ झालं. तिथेही आत जायचं तर कपडे बदला, हात धुवा, असाच खाक्या होता. दिल्लीच्या पुसा संस्थेत आज राष्ट्रीय फायटोट्रॉन आहे. तिथेच 2017 मध्ये वनस्पतींची आपोआप मोजमापं घेणारं केंद्र सुरू झालं आणि त्याला नाव दिलं गेलं ते हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचं. आपल्याकडे बारामतीजवळच्या माळेगावात, राहुरीत, अकोल्यात, परभणीत, दापोलीत संशोधनाची हरितगृहं आहेत. कुठे काच, कुठे पॉलिथिन, कुठे नुसतं शेडनेट. पण एका छताखाली चार जणांचे प्रयोग आले की अडचण सगळीकडे सारखीच: चूक एकाची, पीक दुसऱ्याचं.

दोन दारांचा नियम त्यातूनच आला. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. पिवळा सदरा घालून यायचं नाही, कारण पांढरी माशी आणि मावा पिवळ्या रंगाकडे ओढले जातात. चिकट सापळे पिवळे असतात ते उगाच नव्हे. सकाळी आधी हरितगृह, मग शेत. उलट क्रम नाही. शेतातून आलेल्या बुटांना माती आणि कपड्यांना फुलकिडे चिकटलेले असतात. कोणी कोळी कीड मुद्दाम वाढवून तिचा अभ्यास करत असेल, तर त्याने आपलं काम सर्वांत शेवटी करायचं आणि तिथून थेट घरी जायचं.

खरा वाद पेटतो तो फवारणीवरून. एकाला कीड मारायची असते, शेजारच्याचा प्रबंधच त्या किडीवर असतो. म्हणून स्वतःच्या मर्जीने कोणी पंप उचलायचा नाही. नोंदवहीत औषधाचं नाव, मात्रा, वेळ लिहायची, सगळ्यांना कळवायचं आणि दारावर पाटी लावायची. आपल्याकडे कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण विषारीपणाची पायरी सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. फवारल्यानंतर किती तास आत जायचं नाही हे औषधागणिक बदलतं. कधी बारा तास, कधी दोन दिवस. मुदत संपली तरी आधी पंखे लावून हवा बदलायची. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते उघड्या शिवारात. चहूबाजूंनी बंद, उकाड्याच्या जागेत, जिथे मुखपट्टी घामाने भिजून माणूस ती खाली ओढतो, तिथे धोका किती याचा हिशेब वेगळा मांडायला नको.

जनुकीय बदल केलेल्या रोपांना कायद्याचीही चौकट आहे. 1989 च्या नियमांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. प्रयोग संपल्यावर कुंडीतली माती आणि झाडाचे अवशेष निर्जंतुक करूनच बाहेर जातात. बाकी, ओल्या फरशीवर विजेच्या वायरी पडू देऊ नयेत आणि एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी एकट्याने आत काम करू नये, हे शहाण्याला सांगावं लागत नाही. तरी फलकावर असावं.

एवढं सगळं पाळून घेणारा माणूस कोण, तर बहुतेक ठिकाणी रोजंदारीवरचा हरितगृह मदतनीस. पंप तोच पाठीवर घेतो, सापळ्यावरच्या माश्या तोच मोजतो, आणि शोधनिबंधावर त्याचं नाव कधी नसतं. आत-बाहेरची किल्ली आणि नोंदवही त्याच्याच ताब्यात असली पाहिजे आणि नियम मोडणाऱ्या प्राध्यापकाला दारात थांबवण्याचा त्याचा अधिकार लेखी असला पाहिजे. एरवी काटेकोर असलेली संस्थाही पाहुण्यांपुढे ढिली पडते. मंत्री किंवा कुलगुरू झेंडूचा हार गळ्यात घालून, मागे पंधरा माणसं घेऊन दोन्ही दारं एकाच वेळी उघडी टाकत आत येतात. झेंडू म्हणजे लाल कोळी आणि फुलकिडे यांचं आवडतं घर. ज्या संस्थांना नवा फलक रंगवायचा असेल, त्यांनी 'हार-गुच्छ बाहेर ठेवावेत' ही ओळ तंबाखूच्या ओळीखालीच लिहून घ्यावी.